वाचून दाखवलेलं आभाळ

चंद्रपूरच्या रेडिओवर मी बरीच वर्षं हंगामी निवेदिका होते. शेतीचा कार्यक्रम, हवामान, मधूनमधून गाणी. पुढे रेडिओवरच्या पाळ्या कमी होत गेल्या, तेव्हा एका केबल वाहिनीत लागले. मालकाची एकच अट होती, "मॅडम, पुण्यासारखं बोलायचं."

गेल्या हंगामात कुरखेड्याकडे धानकापणीची बातमी करायला गेलो, मी आणि कॅमेरामन. तीन गावं फिरून झाली होती. पाय दुखत होते. धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, एक म्हातारी बसली होती. तिच्यापुढे माईक धरून मी विचारलं, "बाई, यंदा पीक कसं आहे?"

तिने उलट मलाच विचारलं,

"तू रेडिओवाली होय ना व?"

मी हो म्हटलं. कुणी आवाज ओळखला की अजूनही बरं वाटतं.

"तुनंच सांगतलं होतं, चार दिवस आभाळ मोकळं राहील म्हणून. आमी धान कापलो. कापल्या धानाच्या कळपा बांधीतच वाळत होत्या, अन् तिसऱ्या दिवशी पानी आलं. लोंब्यांले कोंब फुटले."

"कधीची गोष्ट?"

"नातू पोटात होता तवा. आता चवथीत हाये."

मला काहीच आठवेना. असे किती अंदाज वाचले असतील.

"चुकलं बाई," मी म्हटलं. "मले कागद देत होते, मी वाचत होती." कॅमेरा चालू आहे हे विसरून मी घरच्या बोलीत बोलून गेले.

"कागद कोनं लिवला, आमाले का ठावं? आमाले तं तुहाच आवाज ये."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. कॅमेरामन म्हणाला, "मॅडम, मस्त बाईट आहे." मी त्याला कॅमेरा बंद करायला सांगितलं आणि तिच्याशेजारी धुऱ्यावर बसले. तिने तांब्यातलं पाणी दिलं. लेकरं किती, नवरा काय करतो, सगळं विचारलं.

मालकाला मी सांगितलं, त्या गावचा आवाज नीट आला नाही. खोटंच. ते म्हातारीचं बोलणं दाखवलं असतं तर बरं झालं असतं, असं नंतर कितीदा वाटलं. पण तेव्हा हिंमत झाली नाही.

आता वाहिनीवरही हवामान मीच वाचते. वाचण्याआधी हवामानवाल्यांना फोन करून विचारते, "नक्की ना?"

"मॅडम, अंदाज आहे तो," पलीकडचा माणूस कंटाळून म्हणतो.

त्याचंही बरोबर आहे. मी फोन ठेवते, साडीचा पदर नीट करते आणि वाचायला बसते.