पंचवीस पोत्यांची सरासरी

त्याचं नाव मी कधी विचारलंच नाही. सत्तरच्या दशकात, संख्याशास्त्राची पदवी घेऊन मी वाडी नावाच्या गावातल्या एका गोदामात कारकून म्हणून लागलो, तेव्हा तो तिथे हमाल होता. पोतं पाठीवर घेण्याआधी तो त्यावर हलकेच थाप मारायचा, बैलाच्या पाठीवर मारावी तशी.

पोतं शंभर किलोचं, मजुरी पोत्यामागे. एकदा तो म्हणाला, "बाबूजी, पोते जड भरून राहिले."

मी तीन पोती काट्यावर घातली. एकच जड निघालं. "असतं एखादं," मी म्हणालो.

"एकाचं काही नाही जी. पंचवीस वाहिले का पाठ सांगते."

मी हट्टाने पंचवीस तोलली. सरासरी दोन किलोंनी जास्त! एका पोत्यात एवढा फरक सहज पडतो. पंचविसांच्या सरासरीत तो निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता मी गणित करून काढली. जवळजवळ शून्य. कागद मोठ्या उत्साहाने त्याला वाचून दाखवला.

तो घाम पुसत हसला. "मले काहून सांगून राहिले? मले तं मालूमच होतं. मालकाले दाखवा."

माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. तो कागद आजही माझ्याच कपाटात आहे.