बाबाची सपनं

हे मी माझ्या बायकोलेही कधी सांगितलं नाई. गाणं तिले पाठ आहे, गाण्यामागचं नाई. सट्ट्यानं घर कसं बुडते, त्यावरचं ते रॉक गाणं — दोन गिटार, एक ड्रम, शब्द माझे, गळाही माझा. हिंगणघाटात गणपतीत अजून वाजते. अभिमान? लय आहे! खोटं कायले बोलू?

त्या गाण्यात एक बाप आहे. सकाळी सपन आठवते, त्यातून आकडा काढते, अन् शेवटी बायकोची शिलाई मशीन इकते. लोकाईले वाटलं, हा माझाच बाप. मी नाई म्हणलं नाई.

बाबा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधत. सट्ट्याले त्याईनं जन्मात हात लावला नाई. खेळत होतो मी — नव्वदच्या दशकाच्या शेवटाले, कॉलेजात असताना. आमच्याकडं सपनावरून आकडा लावतात. साप दिसला तर एक, विहीर दिसली तर दुसरा. मले मेल्याले सपनंच पडत नसत. मंग रोज सकाळी चहा घेऊन बाबाजवळ बसायचो. "बाबा, सपन काय पडलं?"

किती खुलायचे ते! वणा नदीच्या पुरात वाहून चाललेली बैलजोडी. गिरडच्या टेकडीवर हरवलेली चप्पल. आईले म्हणत, "पोरगं रोज इचारते गं मले." अन् मी? मी मनात आकडा जुळवत असायचो. आईची मशीनही मीच इकली. चोर आला म्हणून बोंबही मीच मारली.

पुढं सट्टा सुटला, गाणं झालं. पहिल्यांदा गायलो तेव्हा बाबा नवा सदरा घालून पुढंच बसले होते. मी बैलजोडी गायलो, चप्पल गायलो. मशीनीच्या ओळीले बोट सरळ त्याईच्याकडं केलं — आवाज काय लागला होता त्या दिवशी! तसा परत लागला नाई. सारी गर्दी त्याईच्याकडं पाहून राह्यली होती. बाबानं मान खाली घातली. मंग टाळ्या वाजवल्या, सगळ्याईच्या थांबल्या तरी.

त्याईले सगळं समजलं होतं. गावात मात्र ते सट्टेवाले झाले, अन् मी गायक.

दुसऱ्या दिवशी सवयीनं चहा घेऊन बसलो. इचारलं.

"नाई पडलं रे," बाबा म्हणाले.

मरेपर्यंत त्याईले सपन पडलं नाई. गाणं चांगलंच आहे. अजून मीच गातो — बोट दाखवतो, पण समोर कोणी नसते.