बारावीचं वर्ष आणि उसातली वाट

आमच्या वारूळवाडीकडच्या मळ्यात दिवस मावळला की कुणी मुक्यानं चालत नाही. दोन्ही अंगाला ऊस, उसात बिबट्या; आम्ही त्याला वाघच म्हणतो. माणसाचा आवाज आला की तो बाजूला होतो, म्हणून बोलत, खोकत, काठीचे घुंगरू वाजवत चालायचं. पोरं चालायला लागली की पहिलं हेच शिकतात.

माझी लेक बारावी सायन्सला, जुन्नरच्या कॉलेजात. क्लास करून एसटीनं फाट्यावर उतरेपर्यंत अंधार पडतो. तिचे वडील टोमॅटोची गाडी चालवतात, त्यांच्या येण्याचा नेम नाही, मग आणायला मी. रोज मोठ्यानं बोलायचं तरी काय? मी म्हटलं, "आज शिकलीस ते बोल." तेव्हापासून ती धडे म्हणायची, मला कळावं म्हणून मराठीतून. मी सातवी शिकलेली, पण ती अडखळली की मला बरोबर कळायचं. मग मी काठी आपटायची, "परत म्हण!" पोरीचा अभ्यास मी घेते, असं गावभर सांगायचे. लई मिजास होती मला.

दिवाळीनंतर शेजारच्यांचं वासरू बिबट्यानं ओढून नेलं. तिचे वडील हबकले. म्हणाले, "सराव परीक्षेत मार्क पडले तर ठीक. न्हाईतर कॉलेज बंद. नापास व्हायला रोज वाघाच्या तोंडातनं कशाला जायचं?" भीती मलाही होतीच.

निकालाच्या दिवशी ती एसटीतून उतरली ती तोंडाला कुलूप लावूनच. निम्म्या वाटेत डावीकडचा ऊस सळसळला. वारा तर नव्हता. माझी पाचावर धारण बसली.

"अगं मेले, बोल की! जीव घेतेस का माझा?"

ती थांबली. त्या वाटेवर कुणी थांबत नाही.

"फिजिक्सला नापास झाले, आई. ह्यानं आत्ताच न्यावं मला, म्हंजे सुटंल सगळं." उसाकडं बघत बोलली, अगदी शांतपणे.

वाघाची भीती कुठल्या कुठं पळाली, मला हिचीच भीती वाटायला लागली. तिचा दंड असा धरला की दुसऱ्या दिवशी वळ होते. आता आवाज मीच करायचा होता. तोंडाला येईल ते ओरडत सुटले. वाघाला शिव्या, तिला शिव्या, देवाचं नाव, मधेच तिनंच सांगितलेले हृदयाचे चार कप्पे. तसंच रडत घर गाठलं.

घरात पाय ठेवल्या ठेवल्या तिच्या वडिलांना सगळं सांगितलं, तिच्यासमोरच. असलं झाकून ठेवायचं नसतं. त्यांचा हातातला घास हातातच राहिला. पण बोलले काहीच नाहीत. असा संताप आला मला!

मी नको नको म्हणत असताना दुसऱ्या दिवशी ती कॉलेजला गेली. दिवसभर माझा जीव टांगणीला. संध्याकाळी फाट्यावर पोचले तर तिचे वडील आधीच उभे, गाडी दुसऱ्याच्या हवाली करून आलेले. एसटी आली. माणसं उतरत होती, ती दिसेना. सगळ्यांच्या शेवटी उतरली आणि बापाला बघून जागीच उभी राहिली.

त्यांनी तिची बॅग आपल्या खांद्याला लावली. माझ्या हातातली काठी घेतली.

"चल," म्हणाले, "आज तू काय म्हणू नको. गप्प चाल. आवाज मी करतो."