चौघांची एक छाती

कामगारांच्या आरोग्य शिबिरात मला नोंदणीचं टेबल मिळालं ते माझ्या हिंदीमुळे. नवऱ्याच्या नोकरीपायी सोलापूर सोडून बोईसरला आले आणि इथल्या शाळेत निवृत्त होईपर्यंत हिंदीच शिकवली. कामगार बोलतात ती हिंदी मात्र मला त्यांच्याकडूनच शिकावी लागली.

शिबिर बोईसरजवळच्या कुंभवलीतल्या एका मंगल कार्यालयात होतं. एक्स-रेची गाडी बाहेर उन्हात तयार उभी होती, पण समई पेटल्याशिवाय ती सुरू करायची नाही असा आदेश होता. समई पेटवणारे पाहुणे पालघरहून निघाले आहेत, असं माइकवरून दर दहा मिनिटांनी सांगण्यात येत होतं. रांगेतली माणसं निमूट ऐकत होती. समोरच्या फॉर्मवर झोप उडते का, मन अस्वस्थ असतं का, असा एक प्रश्न होता. पहिल्या काही जणांनी आजूबाजूला बघून सब ठीक है म्हटलं. पुढे मी न विचारताच 'नाही'वर खूण करत गेले. माणसं भराभर पुढे सरकत होती, तेवढंच समाधान.

तो आला तेव्हा निळ्या शर्टात होता. बिहारमधल्या छपऱ्याकडचा, पस्तिशीतला, रुंद खांद्यांचा, रंगाच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. अर्ध्या तासाने तोच माणूस चौकड्याच्या शर्टात दुसरं आधार कार्ड घेऊन आला. मग पिवळ्या टी-शर्टात, मग आणखी एका शर्टात. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने जमिनीकडे. आधारवरच्या फोटोत कुणीही कुणीही असू शकतो, त्यामुळे मी लिहीत गेले. खरं सांगायचं तर मला गंमत वाटत होती. स्टेजवर पाहुणे कामगार हा देशाचा कणा असल्याचं सांगत होते, आणि गाडीत तोच एक कणा चौथ्यांदा एक्स-रेला उभा होता.

आठवड्याने आशाताई घरी आली. आशाताई म्हणजे कुंभवलीची आशा सेविका. हातात यादी. चहा नको म्हणाली, बसलीही नाही.

"बाई, एका खोलीतले चार हायत. चौघांच्या छातीत डाग, तो पन एकाच जागी. डॉक्टर बोलतात, असं कदी पायलं नाय."

मला हसू आलं आणि लगेच गेलं. मी तिला शर्टांची हकिगत सांगितली. तिने यादी खाली केली.

"तुमी पायलं, आनि तरी लिवलं?"

ती गेल्यावर मी धुतलेली भांडी पुन्हा धुतली. गॅलरीत गेले, आत आले, पुन्हा गेले. काय हरवलंय, असं नवऱ्याने दोनदा विचारलं. त्या चौघांतला एक आजारी होता, आणि कोणता हे डॉक्टरला माहीत नव्हतं, मला होतं. संध्याकाळी आशाताईला फोन करून सांगितलं की टीबीसाठी थुंकीच्या डब्या गोळा करायला तू जाशील तेव्हा मीही येते.

आम्ही सकाळी सहाला पोचलो. चौघांत दोन गाद्या होत्या. रात्रपाळीचे दोघे नुकतेच परतले होते, दिवसपाळीचे दोघे उठत होते. गादी थंड व्हायला सवडच नव्हती. त्या खोलीचा रिवाज मला तिथे कळला. ज्याचं जे चांगलं, ते त्याने सगळ्यांसाठी द्यायचं. एकाच्या हाताला चव म्हणून तो चौघांचं रांधायचा. एकाचं अक्षर बरं म्हणून सगळे अर्ज तो भरायचा. आणि माझ्या निळ्या शर्टवाल्याने गावी कुस्ती केलेली, म्हणून शिबिरातल्या आरोग्य कार्डासाठी छाती त्याची. कार्ड नसेल तर कारखान्याचा गेटपास मिळत नाही, आणि शिबिराच्या दिवशी सुट्टी त्याची एकट्याची होती; बाकीचे कामावर होते किंवा रात्रपाळीची झोप काढत होते.

आशाताईने आदल्या दिवशी दिलेल्या चारही डब्या त्यांनी भरून ओळीत ठेवल्या होत्या. चौथी, त्याच्या नावाची, कुणी भरली, हे तिने विचारलं. रांधणाऱ्याने कढईतून मान वर न करता सांगितलं, "हमने. उसने हमारे लिए फोटो निकलवाया, हम उसके लिए इतना नहीं करेंगे?"

त्यात लबाडी नव्हती. इतक्या सद्भावनेने माणसाला मारायचा बेत मी पहिल्यांदाच पाहत होते.

निळ्या शर्टवाला दाराशी बसून बुटाची नाडी बांधत होता. दोन महिने तो उशीत तोंड खुपसून खोकत होता, दुसऱ्यांची झोप मोडू नये म्हणून. हे त्याने मला सांगितलं तेही हळू आवाजात. आशाताईने चौथी डबी बाजूला केली आणि पिशवीतून नवी काढली.

"ही घ्या. माज्यासमोर."

तो माझ्याकडे वळला. "मैडम, गेट बंद हुआ तो मैं घर पे क्या बोलूँगा?"

मी म्हटलं, खोकला तुझा आहे, तो तूच दे. शाळेत कॉपी पकडल्यावर वापरायचे तोच आवाज लागला, याची मला लाज वाटली. तो उठला आणि खोलीमागे गेला. मग दोन महिन्यांचा खोकला एकदम ऐकू आला. रांधणाऱ्याने गॅस बंद केला.

त्याच्या थुंकीत टीबी निघाला. त्याच दिवशी मी डॉक्टरला लेखी दिलं की चार फॉर्म एकाच माणसाचे होते. बाकीच्या तिघांना पुन्हा तपासलं, तिघे निरोगी निघाले, पण त्यांचे गेटपास तोवर अडकले होते. रस्त्यात भेटले तर ते मला ओळख देत नाहीत. ठेकेदाराने आजारी माणसाला बरा होऊन ये म्हणून सांगितलं. तो गावी गेला नाही. खोलीतले तिघे त्याला जेवू घालतात, आशाताई गोळ्या देते.

परवा दुपारी मी तिच्याबरोबर गेले होते. तो खोलीमागे भिंतीला टेकून उभा होता, डोक्यावर कारखान्याचं पिवळं हेल्मेट, हातात मोबाइल. व्हिडिओवर बायको होती. जेवला का, असं ती विचारत असावी. ड्युटीवर आहे, जास्त बोलता येत नाही, असं सांगून त्याने फोन ठेवला. मग हेल्मेट काढून आशाताईपुढे हात पसरला, गोळ्या घ्यायला.