मावशींचं प्रॅक्टिकल

दुसऱ्याच्या शिक्षणासाठी स्वतः आजारी पडायची तयारी असलेली बाई मी आयुष्यात एकच पाहिली. त्या म्हणजे उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरमालकीणबाई. सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणते. गेल्या वर्षी परदेशातल्या नर्सिंग कॉलेजच्या चार मुली इथल्या एका इस्पितळात कामाचा अनुभव घ्यायला आल्या आणि मावशींच्या वरच्या खोल्यांत उतरल्या. इस्पितळाने अनुभव भरपूर दिला: आधी शाल-श्रीफळ, मग फेटे, मग संचालकांचं भाषण, मग लेण्यांची सहल. पेशंटला हात लावायला तेवढी मनाई. पोरी दिवसभर वॉर्डात भिंतीला टेकून उभ्या राहायच्या आणि संध्याकाळी फेट्यातले फोटो घरी पाठवायच्या.

हे कळल्यावर मावशी भडकल्या. "समुद्र वलांडून आल्या, अन् नुस्तं उभं राहायचं? लग्नाला आल्यात व्हय?" दुसऱ्या सकाळी मावशी दिवाणावर पेशंट होऊन आडव्या. पोटात कळ, कानात घंटा, गुडघ्यात मुंग्या. रोज नवा आजार, आणि इंग्रजी येत नसल्याने तो साभिनय. थर्मामीटर तोंडात असतानाही त्या बोलत. भाषांतराला मी. जखम नव्हती म्हणून त्यांनी धडधाकट पायालाच गुडघ्यापर्यंत बँडेज बांधून घेतलं आणि तशाच गुलमंडीच्या बाजारात जाऊन आल्या. कापडवाल्याने कळवळून खुर्ची दिली, तीही त्यांनी हक्काने घेतली.

एका सकाळी चौघींतल्या सगळ्यात बुजऱ्या मुलीने मावशींचं ब्लड प्रेशर पाहिलं. पुन्हा पाहिलं. दुसरा दंड मागितला. तिचा चेहरा पार उतरला. मावशी खूश. "बघ, पोरगी बी नाटक शिकली!"

"यांना आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे न्या," ती मला म्हणाली.

"येडी का काय! मला काय बी झालं नाय."

मुलगी रडत रडत बाहेर धावली आणि खाणाखुणा करून रिक्षा घेऊन आली. मग मावशींचा नाइलाज झाला. त्याच इस्पितळात त्यांना दाखल करून घेताना डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर लकवा मारला असता. इस्पितळाने तत्परतेने मुलीचा सत्कार केला. हार, फेटा, फोटो, मधोमध संचालक. खाटेवरून मावशींनी सगळ्यांदेखत विचारलं, "सायेब, आता तरी पोरींना पेशंटला हात लावू देता का?" संचालकांना हो म्हणावंच लागलं. उरलेले दिवस पोरींनी वॉर्डात खरंखुरं काम केलं.

यंदाच्या तुकडीला इस्पितळाने हॉटेलात उतरवलं. मावशींनी वरच्या खोल्या झाडून नव्या चादरी घातल्या होत्या. मी बातमी सांगितली, तेव्हा त्या प्रेशरची गोळी घेत होत्या.

"हॉटेलात व्हय? बरं झालं की. तिथं एसी असंल," म्हणाल्या.

मग चादरी काढायला वर गेल्या, आणि बराच वेळ खाली आल्या नाहीत.