राखीव दाढ

एक दुखरी दाढ तीन वर्षं राखून ठेवणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात एकच निघेल, आणि तो नेमका माझा साडू आहे. लोक मुलीसाठी सोनं राखून ठेवतात, कुणी डांबरी रस्त्याला लागलेलं वावर ठेवतं. आमच्या साडूंनी उजवीकडची, खालची, शेवटून दुसरी दाढ ठेवली. "ही माही चैतू काढन," असं ते भेटेल त्याला सांगत आणि खात्रीसाठी लगेच तोंड उघडून दाखवत. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांशी त्यांची भेट एकदाच झाली, तीही फाटकात उभ्याउभ्या, पण पुढे कित्येक महिने मुख्याध्यापक मला "तुमच्या त्या पाहुण्यांची दाढ काय म्हणते?" असं विचारत होते.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तळेगावला भाजीपाला पिकवतात आणि बाजारात स्वतः बसून विकतात. चैताली त्यांची एकुलती एक. ती दहावीत असताना ही दाढ ठणकू लागली आणि तिला सोबत घेऊन ते आर्वीला दातांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी पाहून "काढावी लागेल" म्हटलं. गळ्यात कागदी रुमाल अडकवला गेला, खुर्ची मागे कलंडली, साडूंनी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. दुसरी एखादी पोर अशा वेळी भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसली असती. चैताली डॉक्टरांच्या कोपराखालून बापाच्या तोंडात डोकावली आणि या दाढेला मुळं किती, कीड आत कुठवर गेली, सुई नेमकी कुठे टोचता, असं विचारत सुटली. डॉक्टर हसून म्हणाले, "हिलाच डॉक्टर करा की!" तेवढं निमित्त पुरलं. साडू खुर्चीतून ताडकन उठले. "मंग तुमी काऊन काढता? पोरगीच काढन ना!" म्हणाले आणि चपला घालून बाहेर. एष्टीत कंडक्टरने "कोन्या दवाखान्यातून पळून आले, भाऊ?" असं विचारलं, तेव्हा कागदी रुमाल अजून गळ्यातच असल्याचं त्यांच्या लक्षात आलं.

त्या दिवसापासून दाढेची बडदास्त सुरू झाली. साडू फक्त डावीकडून चावू लागले. चहा बशीत ओतून, फुंकून, मान डावीकडे कलती करून पिऊ लागले. समोर बसलेल्याची मानही नकळत कलती होत असे. सदऱ्याच्या खिशात पत्र्याची चपटी डबी, डबीत लवंगा. दाढेबद्दल ते गोठ्यातल्या गाभण गाईबद्दल बोलावं तसं बोलत. "आज शांत हाय," म्हणत, किंवा "काल लय उठबस केली तिनं." माझ्या मेहुणीने वीस वर्षं दाताच्या कण्या केल्या तरी जो तंबाखू-सुपारीचा खर्रा सुटला नव्हता, तो त्यांनी दाढेसाठी एका दिवसात सोडला. मात्र दुसऱ्या कुणाला ते सोडू देईनात. शेजारचा एखादा "मीबी सोडतो आता" म्हणाला की साडू कासावीस होत. "तू खाय बावा. सारेच सुधरले त माह्या पोरीनं कोनाचे दात काढाचे?"

बाजारात तर त्यांनी कहरच केला. गिऱ्हाईक बोलायला लागलं की ते आधी दात बघायचे, मग भाजी तोलायचे. ज्याचे दात किडके, त्याला सांबाराची, म्हणजे आमच्याकडच्या कोथिंबिरीची, एक जुडी फुकट. "हे आपले पुढचे पेशंट हायेत," असं मेहुणीला हळूच सांगायचे, आणि त्यांचं हळूच बोलणं पलीकडच्या ओळीत ऐकू जायचं. पुढेपुढे बाया तोंड उघडूनच दुकानापुढे उभ्या राहू लागल्या. एका आजीबाईंनी "मले त एकबी दात नाई, मंग मले काई नाई का?" म्हणून भांडण काढलं. साडूंनी क्षणभर विचार केला आणि कवळीची पेशंट म्हणून त्यांना दोन जुड्या दिल्या.

चैतालीची बारावी झाली आणि त्या मोठ्या प्रवेश परीक्षेचा दिवस आला. केंद्र नागपूरला होतं. मे महिन्याचं ऊन, फाटकाबाहेर आईबापांची गर्दी. आत शिरताना चैतालीने वळून पाहिलं, तर बाप एका हाताने तिला निरोप देत होता आणि दुसऱ्या हाताने गाल दाबून धरत होता. निकाल लागला, तेव्हा दंतवैद्यकाची जागा तिला थोडक्यात हुकली. दोन दिवस त्या घरात स्वयंपाक झाला, पण धड कुणी जेवलं नाही. तिसऱ्या दिवशी साडू आरशापुढे उभे राहिले, गालावर थोपटलं आणि दाढेला म्हणाले, "आनखी एक वर्स कळ काढ."

वर्षभर थांबून तीच परीक्षा पुन्हा द्यायची, याला हल्ली ड्रॉप घेणं म्हणतात. "पोरीनं ड्रॉप घेतला," असं साडूंनी बाजारात मोठ्या अभिमानाने जाहीर केलं. शेजारी लसूण विकणाऱ्या मावशींनी कळवळून विचारलं, "कोन्या डोयात?" पुढच्या बाजाराला त्यांनी डोळ्यांत घालायला गुलाबपाण्याची बाटलीही आणून दिली. साडूंनी ती घेतली, कारण कुणी प्रेमाने दिलेल्या वस्तूला नाही म्हणणं त्यांना आयुष्यात जमलेलं नाही. ती बाटली आणि पुस्तकांची पेटी घेऊन चैताली वर्ध्याला आमच्याकडे राहायला आली आणि क्लासला जाऊ लागली.

पोरगी एकटीच किती वाचणार, आपणही हातभार लावावा, असं साडूंना वाटू लागलं. तिच्या क्लासच्या तासांचं रेकॉर्डिंग त्यांनी मोबाइलमध्ये भरून घेतलं आणि वावरात रानडुकरं पळवायच्या भोंग्यावर लावलं. भाजीला पाणी देता देता ते पेशी, स्नायू, हाडं असं सगळं ऐकत. काही दिवसांनी मला फोन आला. "मास्तर, एक गंमत सांगतो. बायालॉजी लावलं त रानडुकरं थोडेसे तरी येतेत. फिजिक्स लावलं का एकबी येत नाई. त्याईलेबी समजत नाई वाटते." मी पोट धरून हसलो. चैताली मात्र हसली नाही. फिजिक्स तिचंही कच्चंच होतं.

दर रविवारी सकाळी आर्वीकडून येणाऱ्या एष्टीने साडू हजर. वांगी, चवळीच्या शेंगा, पालक असं पिशवीभर आणायचे आणि चैतालीच्या टेबलासमोर दिवाणावर मांडी घालून बसायचे. बोलायचं नाही, हे त्यांनी स्वतःच स्वतःला बजावलेलं होतं. पण तासाभरात दाढेची कळ यायची. मग डोळे घट्ट मिटायचे, हात गालावर जायचा, आणि कुणी काही विचारलेलं नसताना साडू म्हणायचे, "काई नाई, काई नाई. तू वाच." हे "काई नाई" आमच्या गल्लीतल्या तीन घरांना ऐकू जायचं. समोरच्या जोशीकाकू तर रविवारी दाराशी येऊन विचारायच्या, "आलेत का पाहुणे?"

फेब्रुवारीतला एक रविवार मी विसरणार नाही. आदल्या दिवशी क्लासमधली सराव परीक्षा चैतालीला वाईट गेली होती. सकाळपासून ती एकाच पानावर बसली होती. साडूंनी चहाचा घोट घेतला, तो चुकून उजवीकडे गेला. डोळे मिटले, हात गालावर गेला. "काई नाई, काई नाई. तू..."

चैतालीने पुस्तक मिटलं. "बाबा, तुमची दाढ माह्या डोक्यात ठणकते," ती म्हणाली. ओरडली नाही, त्यामुळे ते जास्त लागलं. "मांगच्या वर्सी पेपर लिवतानी मले प्रश्नच दिसत नव्हते. तुमचा गाल दिसे. यंदाबी तोच दिसन."

माझी बायको कणकेच्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात तशीच उभी राहिली. साडूंनी गालावरचा हात काढला. त्या हाताचं आता काय करावं हे त्यांना कळेना. शेवटी तो त्यांनी मांडीखाली दडवला. मग राहिलेला चहा न फुंकता, मान कलती न करता सरळ पिऊन टाकला आणि "येतो मंग" म्हणून उठले.

मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेलो. एष्टी फलाटाला लागली. पायरीवर पाय ठेवता ठेवता म्हणाले, "मास्तर, मी त तिच्यासाठीच ठेवलती ना." मी त्यांची रिकामी पिशवी वर चढवून दिली. चैतालीचं मला पटत होतं आणि साडूंचं फार वाईट वाटत होतं, आणि या दोन्ही गोष्टी पोटात घेऊन मी घरी आलो.

त्यानंतर भाजीची पिशवी ओळखीच्या कंडक्टरबरोबर येत राहिली, साडू आले नाहीत. चैताली अभ्यास करत होती, पण रविवारी एष्टीची वेळ झाली की तिची नजर दाराकडे जायची. "काकाजी, माहं चुकलं का?" तिने एकदा विचारलं. मी नाही म्हटलं. तिला ते खरं वाटलं नाही.

या खेपेला केंद्र वर्ध्यातच मिळालं. अर्ध्या बाह्यांचा साधा कुडता, पायात रबरी चपला, कानात काही नाही, हातात पारदर्शक बाटली आणि प्रवेशपत्र, अशा वेशात चैताली रांगेत उभी राहिली. ऊन नुसतं भाजून काढत होतं. तिचं लक्ष रस्त्याकडे होतं. फाटक बंद व्हायला थोडाच अवकाश असताना एक ऑटो करकचून थांबला आणि त्यातून साडू उडी मारून उतरले. गर्दीतून वाट काढत थेट लेकीपुढे येऊन उभे राहिले. गालावर हात नव्हता. त्यांनी काही न बोलता आ केला.

दाढ नव्हती.

"पाह्य. गेली," साडू म्हणाले. "आर्वीच्या त्याच डाक्टरनं काढली. आता काई ठणकत नाई. जाय, मोकळ्या मनानं लिहून ये."

फाटकावरच्या रक्षकाला सकाळपासून इतकी माणसं तपासून झाली होती की समोर येईल ते तपासायचं, एवढंच त्याला समजत होतं. त्याने साडूंच्या उघड्या तोंडात बॅटरी मारली. मग हातातलं यंत्र गालावरून खाली फिरवलं. खिशापाशी येताच ते कोकललं.

"क्या है जेब में?"

साडूंनी पत्र्याची डबी काढून दिली. रक्षकाने उघडली. आत कापसावर दाढ.

"ये क्या है?"

"दाढ हाय."

"किसकी?"

"माही."

"अंदर नहीं जाएगी."

"मी तरी कुठं जाऊन राह्यलो? पोरगी जाऊन राह्यली!"

अख्खी रांग हसली. आणि चैताली हसली. कित्येक महिन्यांत मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. प्रवेशपत्र तोंडावर धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली, आणि हसतहसतच फाटकातून आत गेली. आत जाऊन तिने वळून पाहिलं. या वेळी साडू दोन्ही हात हलवत होते.

तिला दंत महाविद्यालयात जागा मिळाली. त्या आठवड्यात बाजारात किडक्या दातांच्या, चांगल्या दातांच्या आणि बिनदातांच्या, सगळ्यांना सांबार फुकट होता. पहिल्या वर्षाला विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी काढलेले खरे दात गोळा करायला सांगतात. चैतालीचा तसा फोन आला आणि साडूंनी पुढच्या एष्टीने डबी नेऊन तिच्या हातात दिली. दाढेची मुळं शाबूत निघाली म्हणून तिच्या मॅडमनी वर्गात ती सगळ्यांना दाखवली. साडू बाजारात सांगतात, "दाढ पयल्या नंबरानं पास झाली."

मध्यंतरी मी त्यांना म्हटलं, "भाऊ, तिथे एक दात बसवून घ्या आता. जेवताना त्रास होतो तुम्हाला." त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि या वेळी खरोखरच हळू आवाजात म्हणाले, "नाई मास्तर. ते जागा राखून ठेवली हाय. चैतू बसवन. पन तिले सांगजो नका. उगाच पोरीच्या डोक्यात राह्यते." म्हणून ती सुट्टीत घरी आली की ते तोंड मिटून हसतात. ज्या माणसाने अर्ध्या जिल्ह्याला आ करून दाखवला, त्याला असं ओठ आवळून हसताना बघवत नाही.

दिवाळीला चैताली आमच्याकडे फराळाला आली होती. निघताना चपला घालता घालता थांबली. "काकाजी, दात बसवाले आमाले शेवटच्या वर्साले शिकवतेत," ती म्हणाली. "तोवर बाबाले दुसऱ्या कोनाकडं जाऊ देजो नका. अन मी असं म्हनलं हे त्याईले सांगजो नका."

मी दोघांनाही शब्द दिला आहे.