टॅब पूजेला बसला तेव्हा

म्हापशाहून पेडण्याला जाणाऱ्या संध्याकाळच्या बसमध्ये ते रोज माझ्या शेजारी बसत. पेडण्याचेच, कॉलेजात इतिहास शिकवणारे. नाव मी कधी विचारलं नाही. त्यांच्या बोलण्यात तेवढी फटच सापडली नाही. मांडीवर टॅब घ्यायचे, करंगळी वर ठेवून ऐटीत चित्रं सरकवायचे आणि वर्गात पोरांच्या टॅबवर पाठवलेला अख्खा तास मला पुन्हा दाखवायचे.

नवरात्रात एकदा त्यांची मांडी रिकामी दिसली.

"आवशीन पुस्तकांबरोबर टॅबपण सरस्वतीफुडे पूजेक ठेवल्यान. आता दसऱ्यापर्यंत हात लावूचो नाय."

"आईंनी टॅब पूजेला ठेवला, मग आज शिकवलंत कसं?"

"खडू घेवन. पोरांनी पयल्यांदाच मान वर करून माझ्याकडे बघल्यानी."

"बरं वाटलं असेल!"

"खंयचा बरा! टॅबात तोंड घालून बसतत तेव्हा जांभयो तरी दिसनत नाय."

एवढं बोलून त्यांनी रिकाम्या मांडीवर सवयीने बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघत तोच तास तोंडी सुरू केला. कोलवाळच्या पुलावर आलेली जांभई मी पेडणं येईपर्यंत दाबून धरली.